पोलिसांच्या मनाचा अभ्यास आणि जनतेचा पैसा

बाण लागलेल्या माणसाची तथागतांनी सांगितलेली गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी विहारात ऐकलेली आहे. एका माणसाला विषारी बाण लागतो. नातलग वैद्याला बोलावतात. परंतु तो माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कोणत्या गावचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कशाचे होते, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही. ते सर्व कळण्याआधीच तो माणूस मरून जाईल, असे तथागतांनी भिक्खू मालुंक्यपुत्ताला समजावून सांगितले.

या गोष्टीचा एक अर्थ असा की, निरर्थक चौकशीत वेळ घालवू नये. मात्र तिला दुसरीही एक बाजू आहे. बाण काढणारा वैद्यदेखील आधी जखम पाहतोच. बाण किती खोल गेला आहे, विष कोणते आहे, हे न पाहता हात घालणारा वैद्य रोग्याला वाचवण्याऐवजी मारील. म्हणजे चौकशी ही वाईट नव्हे. कोणती चौकशी जखमेसाठी आहे आणि कोणती वेळकाढूपणासाठी आहे, हे ओळखता आले पाहिजे.

हे आठवण्याचे कारण घडले ते आमच्या बँकेच्या खिडकीपाशी. आपल्या संस्थेचे एक सभासद पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला ते आले. सही करता करता हसून म्हणाले, "जयभीम साहेब. नोकरीत होतो तेव्हा तू कसा आहेस म्हणून कुणी एकदा विचारलं नाही. आता दरसाल जिवंत आहे का म्हणून विचारता." रांगेतले लोक हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी गेल्यावर ते वाक्य काही मनातून जाईना. तीस-पस्तीस वर्षे बंदोबस्त, रात्रपाळी, अपघातातली प्रेते, दंगली पाहिलेल्या माणसाला "कसा आहेस" हे विचारायला खरोखर किती खर्च येतो?

हा प्रश्न मनात ठेवून आम्ही वाचन करू लागलो, तेव्हा एक गोष्ट आढळली. अमेरिकेत हाच प्रश्न कायदा करून विचारण्यात आला आणि तो विचारण्याचा खर्च किती, याचा हिशेबही तिथे करावा लागला. तो हिशेब कसा होतो, त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना सांगावे, म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचा विषय

परदेशचा सरकारी हिशेब आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकण्यासाठी. सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकार पैसा कुठून आणते आणि कशावर खर्च करते, हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आहे. पुढे ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, सरकारी हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत त्यांनी मांडले होते.

बाबासाहेबांची जयंती आपण उत्साहाने साजरी करतो. त्यांचा हा विषय मात्र आपल्याकडून दुर्लक्षित राहतो. सरकारी पैशाचा आकडा वाचता येणे हीदेखील एक प्रकारची साक्षरता आहे, आणि दुर्बळ समाजाला तिची गरज अधिक आहे.

कायदा काय सांगतो

२०१७ साली अमेरिकेच्या संसदेत पोलिसांचे मानसिक आरोग्य व स्वास्थ्य या विषयावरील विधेयक मांडले गेले. (तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडील पक्षाशी तिचा संबंध नाही.) प्रतिनिधिगृहात ते मांडण्यात इंडियाना राज्याच्या श्रीमती सुझन ब्रुक्स आणि फ्लोरिडाच्या श्रीमती व्हॅल डेमिंग्ज या दोघी पुढे होत्या. पहिल्या रिपब्लिकन पक्षाच्या, दुसऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. डेमिंग्जबाई या स्वतः ऑरलँडो शहराच्या पोलीसप्रमुख होत्या आणि कृष्णवर्णीय समाजातून वर आलेल्या आहेत. वर्षाअखेर दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि १० जानेवारी २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही होऊन त्याचा कायदा झाला.

या कायद्याने दवाखाने उघडले नाहीत की डॉक्टर नेमले नाहीत. त्याचा मुख्य भाग अभ्यासाचा आहे. सैन्यात आणि माजी सैनिकांच्या खात्यात मानसिक आरोग्यासाठी ज्या सोयी आहेत, त्यांतल्या कोणत्या पोलिसांना लागू पडतील, याचा अहवाल न्याय खात्याने संसदेला द्यावा. निरनिराळ्या शहरांत पोलिसांसाठी चाललेले उपक्रम पाहून त्यांची माहिती प्रसिद्ध करावी. संकटकाळी फोन करण्याच्या ज्या सेवा आहेत त्यांचा कितपत उपयोग होतो ते तपासावे. वर्षातून एकदा मनाची तपासणी केल्याने फायदा होतो का, यावर संशोधन करावे. हे सर्व करताना पोलिसांची खाजगी माहिती उघड होऊ देऊ नये. असा साधारण मजकूर आहे.

त्याप्रमाणे २०१९ साली न्याय खात्याच्या सामुदायिक पोलीस सेवा कार्यालयाने संसदेला अहवाल सादर केला आणि अकरा ठिकाणच्या उपक्रमांची माहिती देणारे पुस्तक काढले.

अभ्यासाची गरज का पडली

पोलिसांच्या मनाचा विचार अमेरिकेत नवा नव्हता. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९६८ सालीच मार्टिन रायझर या मानसशास्त्रज्ञांना पूर्णवेळ नेमले होते. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांची दुःखे पाहिल्यानंतर, भीषण प्रसंगाचा मनावर राहणारा आघात हा आजार म्हणून १९८० साली तिथल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला. सैनिकाला जो आजार होतो तो पोलिसालाही होऊ शकतो, हे त्यामागोमाग लक्षात येऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनीच पोलिसांना आधार देण्याची संस्था १९९६ साली सुरू झाली. न्यू जर्सी राज्याने २००० सालापासून 'कॉप टू कॉप' ही फोनसेवा चालवली. तिच्यात फोन उचलणारे बरेचसे निवृत्त पोलीसच असतात. वर्दी घातलेल्या माणसाची भाषा वर्दी उतरवलेल्या माणसाला चटकन कळते, ही त्यामागची साधी समजूत.

मग अडचण कुठे होती? अडचण अशी की, अमेरिकेत आपल्यासारखे राज्याचे एकच पोलीस दल नसते. गावाचे वेगळे, शहराचे वेगळे, परगण्याचे वेगळे, राज्याचे वेगळे. २००८ सालच्या सरकारी गणनेत अशी सुमारे १८ हजार खाती निघाली आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या खात्यांत पूर्णवेळ पोलीस दहाहून कमी होते. मोठे शहर मानसशास्त्रज्ञ नेमू शकते. सात पोलिसांचे खाते कोठून नेमणार? शिवाय एका गावाने काय केले आणि त्याचा काय परिणाम झाला, हे दुसऱ्या गावाला कळण्याची सोय नव्हती.

मोठ्या शहरांतही सर्व आलबेल नव्हते. शिकागोच्या पोलीस खात्याची चौकशी करून न्याय खात्याने जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. बारा हजारांच्या आसपास पोलीस असलेल्या त्या खात्यात पूर्णवेळ समुपदेशक होते केवळ तीन.

सर्वांत मोठी उणीव आकड्यांची होती. पोलीस कर्तव्यावर मारला गेला तर त्याची नोंद होई. स्वतःच्या हाताने जीवन संपवले तर राष्ट्रीय पातळीवर अशी नोंद नव्हती. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या नोंदीप्रमाणे २०१९ साली अमेरिकेत ८९ पोलीस कर्तव्य बजावताना मरण पावले, त्यांतील ४८ जणांना मारले गेले होते आणि बाकीचे अपघातात गेले. त्याच वर्षी 'ब्लू हेल्प' या स्वयंसेवी संस्थेने केलेल्या नोंदीत आत्महत्या केलेल्या पोलिसांची संख्या दोनशेहून अधिक आहे. म्हणजे ज्या मरणाची सरकार मोजदाद करीत होते, त्याच्या दुप्पट मरण न मोजलेले राहत होते, आणि ते मोजण्याचे काम काही सेवाभावी माणसे आपल्या पदराला खार लावून करीत होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी १६ जून २०२० रोजी आणखी एक कायदा झाला. त्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून एफबीआय पोलिसांच्या आत्महत्यांची व आत्महत्येच्या प्रयत्नांची माहिती गोळा करू लागली. ती पाठवणे मात्र खात्यांच्या खुशीवर आहे.

खर्चाचा अंदाज कसा काढतात

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्याकडे एखाद्या विधेयकामुळे सरकारी तिजोरीवर भार पडणार असेल तर त्याला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. ते विधेयक मांडणारे खातेच तयार करते. ज्याला काम करायचे आहे तोच खर्चाचा अंदाज सांगतो.

अमेरिकेत १९७४ सालच्या कायद्याने संसदेसाठी एक स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय स्थापन झाले. १९७५ साली श्रीमती ॲलिस रिव्हलिन या त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. हे कार्यालय कोणत्याही पक्षाचे नाही. विधेयक चांगले की वाईट, हे ते सांगत नाही. समितीने विधेयक संमत केले की त्यासाठी किती पैसा लागेल एवढेच ते लिहून देते आणि सर्वांना वाचायला ठेवते. राज्यांवर, गावांवर किंवा खाजगी लोकांवर विधेयकामुळे सक्तीचा बोजा पडतो का, हेही १९९५ च्या एका कायद्यामुळे त्याला सांगावे लागते.

अभ्यास-अहवालाच्या खर्चाचा अंदाज बांधणे तसे सोपे असते. किती माणसे, किती महिने, किती प्रवास, छपाई किती. पूर्वी असेच अहवाल तयार करायला काय लागले होते ते पाहायचे आणि त्यावरून आकडा लिहायचा. अशा कामांचा खर्च बऱ्याच वेळा पाच वर्षांत पाच लाख डॉलरांच्या आतच बसतो. त्या कार्यालयाच्या रिवाजाप्रमाणे पाच लाखांच्या आतली रक्कम किरकोळ समजतात आणि नेमका आकडाही देत नाहीत. पाच लाख डॉलर म्हणजे आजच्या दराने चार कोटी रुपयांच्या पुढे. आपल्या डोळ्यांना ती मोठी रक्कम वाटेल. परंतु ज्या सरकारचा वर्षाचा खर्च लक्षकोटींच्या हिशेबात मोजावा लागतो, त्याच्या खातेवहीत ती शून्यात जमा होते.

इथे विद्यार्थ्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. कायद्यात एखाद्या कामाला रक्कम 'मंजूर' झाली म्हणजे ती मिळाली असे होत नाही. दरवर्षी निराळ्या विनियोजन कायद्याने प्रत्यक्ष पैसा द्यावा लागतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जाचे मंजुरीपत्र हाती आले म्हणजे रक्कम खात्यात जमा झाली असे नव्हे. मंजुरीपत्र देवघरात ठेवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणूनच अशा प्रत्येक अंदाजात 'प्रत्यक्ष निधी दिला गेल्यास' अशी अट असते.

दुसरे उदाहरण घेऊ. २५ जुलै २०१९ रोजी संमत झालेल्या कायद्याने पोलीस व त्यांची कुटुंबे यांना मानसिक आधार देण्याच्या कामांसाठी २०२० ते २०२४ या पाच आर्थिक वर्षांत दरसाल ७५ लाख डॉलरपर्यंत अनुदानाला मंजुरी दिली. आकडा वाचून समाधान वाटते. आम्ही सवयीप्रमाणे भागाकार करून पाहिला. १८ हजार खात्यांत ७५ लाख डॉलर वाटले तर एका खात्याच्या वाट्याला वर्षाला सव्वाचारशे डॉलरसुद्धा येत नाहीत. अनुदान अर्थातच सर्वांना समान वाटत नाहीत, अर्ज करणाऱ्या काही खात्यांनाच ते मिळते. परंतु याचाच अर्थ असा की, बाकीच्यांना काहीच मिळत नाही, आणि ज्या छोट्या खात्याकडे इंग्रजीत सोळा पानी अर्ज भरणारा माणूस नाही ते मागे राहते. हा अनुभव आपल्याला तरी नवा नाही. आपल्या वस्तीतल्या किती संस्था केवळ कागद पुरे करता न आल्याने अनुदानाला मुकल्या, ते आपण जाणतो.

अंदाजात न दिसणारा खर्च

अभ्यासाचा जो खर्च कागदावर येतो तो केंद्र सरकारचा. गावोगावची खाती जी माहिती देतात ती तयार करायला कारकुनाचे तास जातात. एखाद्या पोलिसाला मुलाखतीसाठी दोन तास बसवले तर त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. हा भार खात्यांनी खुशीने उचललेला असल्यामुळे तो सक्तीचा बोजा ठरत नाही, आणि म्हणून अंदाजातही येत नाही. खुशीचा असल्यामुळेच गरीब खाती तो उचलत नाहीत, आणि मग त्यांचे दुःख अभ्यासात येत नाही. ज्याची परिस्थिती अधिक वाईट त्याचीच माहिती कमी, असा हा पेच आहे.

दुसरी किंमत पैशात मांडता येत नाही. ती आहे विश्वासाची. टेक्सास राज्यातील डॅलस-फोर्टवर्थ भागातल्या एका मोठ्या पोलीस खात्यातील ४३४ पोलिसांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांत त्या वेळी मानसिक त्रासाची लक्षणे आढळली. लक्षणे असलेल्यांपैकी मागील वर्षभरात मदत घेतलेले होते अवघे १७ टक्के. का घेतली नाही म्हणून विचारले, तेव्हा पुढे आलेली कारणे आपल्याही पोलीस वसाहतीत शोभतील अशी होती. आपल्याला त्रास आहे हेच कळत नाही. सांगितले तर गुप्त राहील याची खात्री नाही. डॉक्टरला आमचे काम काय कळणार! आणि सर्वांत मोठी भीती ही की, मदत मागितली तर 'कामाला नालायक' असा शिक्का बसेल.

ही पाहणी करायला फार पैसा लागलेला नसेल. परंतु तिने जे सांगितले ते लाख मोलाचे आहे. नुसते डॉक्टर नेमून भागणार नाही, दाराशी गुप्ततेचा पहारा हवा, हे तिच्यामुळे कळते. हे ध्यानात न घेता समुपदेशकांची फौज उभी केली तर त्यांच्या खोल्या रिकाम्या राहतील आणि पगार चालू राहील. केंद्रीय पोलिसांनी सहकाऱ्यापाशी मोकळे केलेले मन गुप्त राहावे, म्हणून २०२१ साली तिथे स्वतंत्र कायदा झाला.

अभ्यास न करण्याचा खर्च

खरा हिशेब पूर्ण करायचा तर वहीचे दुसरे पानही उघडले पाहिजे. अभ्यास केला नाही तर काय खर्च येतो?

कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या वारसांना केंद्राकडून भरपाई देण्याची योजना अमेरिकेत १९७६ पासून आहे. आत्महत्या तीत बसत नसे. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथे संसदभवनावर जमाव चालून गेला. तो अडवताना मार खाल्लेल्या पोलिसांपैकी काहींनी पुढच्या दिवसांत व महिन्यांत जीवन संपवले. त्यांच्या विधवांनी दाद मागितली. १६ ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने ठराविक परिस्थितीतील अशा मृत्यूंनाही भरपाई मिळू लागली. ही भरपाई आज एका मृत्यूमागे चार लाख डॉलरांहून अधिक आहे.

आता दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहा. पाच वर्षांच्या अभ्यासाची मर्यादा पाच लाख. एका घराची भरपाई चार लाखांच्या वर. अभ्यासामुळे दोन माणसे जरी वाचली तरी सरकारी तिजोरीने आपला पैसा वसूल केला, असे निव्वळ कारकुनी हिशेबानेही म्हणता येईल. वाचलेल्या माणसाच्या मुलाबाळांचे सुख कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मात्र कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नाही.

याशिवाय दीर्घ रजा, मुदतीपूर्वी निवृत्ती, नव्या भरतीचा व शिक्षणाचा खर्च हे वेगळेच. मिनियापोलिस शहरात २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि शहर पेटले. त्यानंतर मानसिक आघाताच्या कारणावरून अनेक पोलिसांनी नोकरी सोडली आणि त्यांच्या दाव्यांपोटी शहराला लक्षावधी डॉलर मोजावे लागले.

हा पैसा पोलिसांवर का?

मिनियापोलिसचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक रोकडा प्रश्न उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या लाठ्या-गोळ्या गोरगरिबांच्या अंगावर पडतात, त्यांच्या मनासाठी गोरगरिबांनी कर का भरावा? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, ती आपली होती. तो दिवस आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

आमचे उत्तर असे आहे. उपचार म्हणजे माफी नव्हे. ज्याने गुन्हा केला त्याचा न्याय न्यायालयात व्हावा. मनाचा ताण हे त्यातून सुटण्याचे निमित्त होऊ नये, आणि मानसिक आरोग्याच्या नावाखाली दोषी माणसाला रजेवर पाठवून प्रकरण मिटवले जात असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु चार रात्री न झोपलेला, घरी बोलायला माणूस नसलेला, भीतीने आणि रागाने भरलेला मनुष्य हाती बंदूक घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर कोण असते? बंगल्यातला माणूस नसतो. समोर असतो तो वस्तीतला पोरगा, फेरीवाला, मोर्चातला कार्यकर्ता. पोलिसाच्या आजारी मनाची पहिली झळ आपल्यालाच बसते. म्हणून त्या मनाची तपासणी ही आपल्याही सुरक्षेची बाब आहे.

अमेरिकेत हेच झाले. फर्ग्युसन या गावी २०१४ साली एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या मंडळाने मे २०१५ मध्ये अहवाल दिला. त्याचे सहा भाग आहेत. पहिला आहे जनतेचा विश्वास कसा मिळवावा यावर आणि सहावा पोलिसांचे स्वास्थ्य व सुरक्षितता यावर. जनतेचा विश्वास आणि पोलिसाचे मन हे दोन्ही एकाच अहवालात यावेत, हा योगायोग नव्हे.

आणि आणखी एक गोष्ट. त्या वर्दीत आज आपलीही मुले-मुली आहेत. पहाटे मैदानावर धावून, पोलीस भरतीचे अर्ज भरून, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी मिळवलेली. तेव्हा 'ते' आणि 'आपण' ही रेघ आता आपल्या घरातूनच जाते.

अभ्यासाला विचारायचे चार प्रश्न

कोणत्याही सरकारी अभ्यासाची किंमत वाजवी आहे का, हे ओळखण्यासाठी आम्हांला धम्मातील चार आर्यसत्येच मोजपट्टी म्हणून उपयोगी वाटतात. दुःख आहे हे या अभ्यासाने मोजले का? दुःखाचे कारण शोधले का? ते दूर होऊ शकते याचा पुरावा, म्हणजे कुठेतरी यशस्वी झालेला उपक्रम, दाखवला का? आणि मार्ग सांगितला का, म्हणजे कोणी, कधी, किती पैशात काय करायचे ते लिहिले का?

पहिल्या तीन प्रश्नांना अमेरिकेच्या अभ्यासाने बऱ्यापैकी उत्तर दिले. दोनशेहून अधिक मृत्यू अंधारात होते, त्यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले. मदत न मागण्याची कारणे कळली. अकरा ठिकाणची उदाहरणे पुढे आली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अर्धेच आहे. मार्ग सांगितला, पण त्या मार्गावर चालायला शिदोरी तुटपुंजी दिली. अभ्यास स्वस्त असतो, सेवा महाग असते. त्यामुळे सरकारला, ते कोणतेही असो, अभ्यासापाशीच थांबण्याचा मोह होतो. समिती नेमली, अहवाल आला, कपाटात गेला. अशा अहवालावर खर्च झालेला पाच रुपयांचा कागददेखील महागच समजावा. उलट ज्या अहवालानंतर एका तरी ठाण्यात रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस बसला, त्याच्यावरचे पाच लाख स्वस्त म्हणावेत.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुढे कधी वर्तमानपत्रात 'अमुक प्रश्नाच्या अभ्यासासाठी इतके कोटी' अशी बातमी वाचाल, तेव्हा लगेच रागावू नका आणि लगेच टाळ्याही वाजवू नका. अभ्यासाच्या आकड्याशेजारी सेवेचा आकडा मागा. मंजूर किती आणि प्रत्यक्ष दिले किती, ते विचारा. अहवाल कुठे वाचायला मिळेल, ते विचारा. बाबासाहेब ज्या विषयात पारंगत होते, त्याची ही पहिली इयत्ता समजा.

आणि सभासद बंधुभगिनींना एक व्यवहारातली सूचना. मनाचा त्रास पोलिसालाच होतो असे नाही. आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा. आपल्या वस्तीतला एखादा शिपाई, होमगार्ड, एसटीचा वाहक, सफाई कामगार गप्प गप्प राहू लागला तर त्याला चहाला बोलवावे. "कसा आहेस?" एवढेच विचारावे आणि मग त्याचे ऐकून घ्यावे.

निवृत्त हवालदारांना पुढच्या नोव्हेंबरात दाखल्यासाठी यावेच लागेल. त्याच्या आधीच एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसायचे ठरवले आहे. त्याला खर्च येणार आहे तो एका रिक्षाच्या भाड्याचा.